ओसरीवरील शब्दचर्चा : द्रव्य, पदार्थ आणि माद्दा



गेल्या चैत्रांत धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा येथें माझ्या आतेबहिणीच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. घर भरलेलें, चार पिढ्यांचें. आतेबहिणीचे श्वशुर, ज्यांना सारें घर आबा म्हणतें, त्यांनीं नव्वदी ओलांडली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, माध्यमिक शाळेंत शास्त्र विषय शिकवून निवृत्त झाले आहेत. थोरली सून कर्नाटकांतील आळंदची, तेव्हां घरांत मराठीच्या जोडीला कानडीचाहि वावर. आणि या सर्वांच्या मध्यें आठव्या इयत्तेंत शिकणारी नात. तिच्या शाळेंत इतर विषय मराठींतून आणि गणित व शास्त्र हे दोन तेवढे इंग्रजींतून शिकवितात. या पद्धतीस हल्लीं ‘सेमी इंग्रजी’ म्हणतात, हें आपणांस ठाऊक आहेच.

परीक्षा तोंडावर आलेली. संध्याकाळीं ओसरीवर येरझारा घालीत नात शास्त्राचा पाठ घोकीत होती. ‘मॅटर’ हा शब्द दर दोन वाक्यांआड कानीं पडत होता. आबा जपाची माळ बाजूस ठेवून म्हणाले, “पोरी, मघांपासून मॅटर मॅटर काय चाललें आहे ? कोर्टांत कांहीं लागलें आहे कीं काय आपलें ?”

“नाहीं हो आबा, शास्त्रांतलें मॅटर !”

“तें खरें, पण म्हणजे काय?”

नातीनें इंग्रजी व्याख्या न अडखळतां म्हणून दाखविली. आबांनीं ती शांतपणें ऐकली आणि पुन्हा विचारिलें, “फार छान. पण म्हणजे काय ?”

आतां मात्र पोरगी गप्प झाली. भाऊजी मदतीस धांवले. “मॅटर म्हणजे द्रव्य. मीं इतकीं वर्षें मुलांना हेंच शिकविलें.” आबांनीं मान हालविली. “द्रव्य म्हणजे पैसाअडका. शास्त्रांत त्याला माद्दा म्हणतात.” तें ऐकून नात खुदकन् हंसली. तिला वाटलें, आबा नर-मादीची गोष्ट काढताहेत ! स्वयंपाकघरांतून ताईंचा आवाज आला, “सरळ पदार्थ म्हणा कीं !” त्यावर आबा म्हणाले, “पदार्थ तूं आंत करतेस तो. शास्त्रांतला निराळा.”

एवढ्याशा प्रसंगावर सारे पोट धरून हंसले आणि विषय तेथेंच संपला असता. परंतु मला त्यांत हंसण्यासारखें जितकें दिसलें, तितकेंच विचार करण्यासारखेंहि दिसलें. हातांतील तांब्या, पायाखालची फरशी, अंगणांतील माती, श्वासांतील हवा, या सर्वांस मिळून जें एक नांव, तेंच नांव एका घरांत चार तोंडीं चार प्रकारचें. नव्वदीच्या पणजोबांनीं आपलें शास्त्र तेरा वर्षांच्या पणतीस सांगावें म्हटलें तर मध्यें दुभाषी हवा. हें कसें झालें, तें आज आपण पाहूं.

प्रथम आबांचा ‘माद्दा’. लोहारा हा भाग 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. आबांचें माध्यमिक शिक्षण त्या राज्यांत सुरू झालें आणि तें उर्दूंतून झालें. आपल्याकडील पुष्कळ लोक या गोष्टीकडे केवळ जुलमाची आठवण म्हणून पाहतात, आणि ज्या मुलांच्या घरीं मराठी, कानडी किंवा तेलुगु बोलली जात असे, त्यांच्यावर परकी भाषा लादली गेली, हें खरेंच आहे. परंतु त्याच राज्यांत एक मोठें भाषिक कार्यहि झालें, तें नजरेआड करूं नये. हैदराबादेस 1918 सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. उच्च शिक्षण इंग्रजींतून न देतां उर्दूंतून द्यावयाचें, असा त्याचा संकल्प होता, आणि त्यासाठीं आदल्याच वर्षीं एक भाषांतर-विभाग उघडण्यांत आला होता. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान् त्याच्या कामांत होते. वहीदुद्दीन सलीम यांनीं तर पारिभाषिक शब्द कसे बनवावेत या विषयावर 1921 सालीं स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, गणित, सर्वांसाठीं शब्द घडविले गेले. त्यांतील बहुतेकांचें मूळ अरबी. ‘माद्दा’ हा त्यांपैकींच एक जुना अरबी शब्द. त्याचें मूळ ‘ताणणें, पसरणें’ या अर्थाच्या धातूंत आहे. जें पसरतें, जागा व्यापतें, तें माद्दा. नातीच्या इंग्रजी व्याख्येंतील ‘जागा व्यापणें’ हा अर्धा भाग आबांच्या एका शब्दांतच सामावला होता, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें.

याच शब्दाचें अनेकवचन ‘मवाद’. हिंदी-उर्दू बोलणारे लोक गळवांतून निघणाऱ्या पुवास मवाद म्हणतात. आणि गंमत अशी कीं इंग्रज लोकहि पूर्वीं पुवास ‘मॅटर’च म्हणत. दोन दूरच्या भाषांनीं सृष्टीच्या मूळ वस्तूचें नांव गळवास दिलें, याला योगायोग म्हणावें कीं वैद्यांचा प्रताप, हें वाचकांनींच ठरवावें.

आमचें हंसणें चालूं असतांनाच ताईंच्या धाकट्या मुलाचा टोकिओहून फोन आला. तो नोकरीनिमित्त सहकुटुंब तिकडे असतो आणि त्याची मुलगी तिथल्याच शाळेंत जाते. घरांतील वाद ऐकून तो म्हणाला, “आमच्याकडे यांतलें कांहींच नाहीं. इथें त्याला बुश्शित्सु म्हणतात.” आणि त्यानें मुलीच्या शास्त्राच्या पुस्तकांतील एका पानाचें छायाचित्र धाडलें. पाठाच्या मथळ्याचा अर्थ ‘आपल्या सभोंवतालचे पदार्थ’. उत्तरेकडील हिंदी शाळांच्या नववीच्या पुस्तकांत पहिल्या पाठाचें नांव नेमकें हेंच असे, ‘हमारे आस-पास के पदार्थ’. टोकिओची मुलगी आणि काशीचा मुलगा एकाच नांवाचा पाठ वाचीत; मध्यें केवढा समुद्र !

‘बुश्शित्सु’ हा शब्द दोन चिनी अक्षरांचा बनला आहे. हींच दोन अक्षरें चीनमध्यें ‘वू-ज्रि’ अशासारखीं उच्चारतात, कोरियांत ‘मुल्जिल’, आणि व्हिएतनाममध्यें ‘व्हत् चत्’. कानांनीं ऐकलें तर चार शब्द निराळे वाटतात. कागदावर चिनी अक्षरांत लिहून दाखवा, तो एकच शब्द निघतो. चिनी अक्षर ध्वनि दाखवीत नाहीं, मुख्यत्वें अर्थ दाखवितें. आपल्याकडे 5 हा आंकडा मराठी मनुष्य पांच वाचतो, कानडी ऐदु वाचतो, तेलुगु ऐदु वाचतो, इंग्रज फाइव्ह वाचतो. परंतु हिशेबांत कोणाचीच चूक होत नाहीं. तसेंच हें. म्हणून पूर्व आशियांत पंडितांचा पत्रव्यवहार बोली न समजतांहि शतकानुशतकें चालला.

आपल्या देशांत याच्या उलट व्यवस्था आहे. आपल्याकडे लिप्या निराळ्या, परंतु शब्द कानास एकच. थोरल्या सुनेनें आळंदच्या शाळेंत कानडींतून शास्त्र शिकतांना ‘द्रव्य’ हाच शब्द वापरला. ताईंची लेक हैदराबादेस दिली आहे. तिच्या मुलांच्या तेलुगु पुस्तकांत ‘पदार्थं’ आहे. वंगदेशांत भौतिकशास्त्रासच ‘पदार्थविद्या’ म्हणतात. या तिघींचीं पुस्तकें एकत्र ठेविलीं तर भाऊजींना त्यांतील एक अक्षर वाचतां येणार नाहीं. पण कोणी मोठ्यानें वाचलें कीं हा शब्द चटकन् ओळखूं येईल. पूर्वेकडे चिनी अक्षर डोळ्यांना जोडतें, आपल्याकडे संस्कृत शब्द कानांना जोडतो. आतां तर कोरियानें स्वतःची ध्वनिलिपि घेतली आहे आणि व्हिएतनामनें रोमन लिपि. तरीहि शब्द टिकून आहेत. घराचा दरवाजा बदलला तरी माणसें तींच राहावींत, तसें.

या नांवांच्या पोटांत काय दडलें आहे, तेंहि पाहण्यासारखें आहे. त्या दोन चिनी अक्षरांपैकीं पहिल्याचा अर्थ ‘वस्तु’, आणि त्याच्या डाव्या अंगास बैलाचें चिन्ह आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘मूळ प्रकृति, गुणधर्म’, आणि त्याच्या खालच्या भागांत कवडीचें चिन्ह आहे. प्राचीन चीनमध्यें कवड्या धनाच्या ठिकाणीं असत. या दुसऱ्या अक्षराचा एक फार जुना अर्थ ‘गहाण’ असा आहे. जपानांत आजहि गहाणवटीच्या दुकानास ‘शिचिया’ म्हणतात आणि त्यांत हेंच अक्षर असतें. म्हणजे सृष्टीच्या मूळ वस्तूस नांव देतांना तेथें बैल आणि कवडी, दोन्ही संपत्तीच हाताशीं आल्या.

हें ऐकून आबा उठून बसले. “मग मीं काय वेगळें म्हटलें ? द्रव्य म्हणजे पैसाच !” आणि खरोखरच आपल्या ‘द्रव्य’ शब्दाचीहि तीच कथा आहे. द्रव्यलोभ म्हणतों तेव्हां पैसा, पूजाद्रव्य म्हणतों तेव्हां हळदकुंकू-अक्षता, आणि शास्त्राच्या तासाला द्रव्य म्हणतों तेव्हां सारी जड सृष्टि. तमिळ भाषेंत ‘पोरुळ्’ या एकाच शब्दाचे वस्तु, अर्थ आणि संपत्ति असे तीन अर्थ होतात, आणि आपल्या ‘अर्थ’ या शब्दाचेहि तेच तीन. मनुष्यास जें हातांत धरतां येतें, तेंच त्याला प्रथम खरें वाटतें आणि तेंच त्याचें धन ठरतें, असा याचा मथितार्थ असावा.

‘द्रव्य’ शब्दाचें मूळ पाणिनीनें ‘द्रु’ म्हणजे वृक्ष किंवा लांकूड या शब्दांत दाखविलें आहे. लांकडांतून जशी हवी ती वस्तु घडवितां येते, तसें जें कांहीं घडण्यास योग्य, तें द्रव्य. आतां मौज पाहा. इंग्रजी ‘मॅटर’ ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा जुना अर्थ इमारती लांकूड. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानें जडवस्तूसाठीं जो शब्द रूढ केला, त्याचाहि मूळ अर्थ लांकूड, रान असाच. तीन प्राचीन भाषांतील पंडित निरनिराळ्या ठिकाणीं बसून विचार करीत होते आणि तिघांच्याहि डोळ्यांपुढें सुताराचें काम उभें होतें. अरबांच्या डोळ्यांपुढें पसरणारी वस्तु आली, चिन्यांच्या डोळ्यांपुढें बैल आणि कवडी. मूळ वस्तु कोणींच पाहिली नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या अंगणांतील उपमा घेतली.

येथें एक ऐतिहासिक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं, कारण ती आपल्या प्रांताशीं जोडलेली आहे. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग हा इसवी सनाच्या सातव्या शतकांत, सुमारें 641 च्या सुमारास, महाराष्ट्रांत आला होता. त्या वेळीं दुसरा पुलकेशी राज्य करीत होता, आणि आजच्या धाराशिव जिल्ह्याचा प्रदेश त्याच चालुक्यांच्या सत्तेखालीं होता. याच जिल्ह्यांतील तेर हें गांव तर त्याच्याहि कितीतरी शतकें आधीं ‘तगर’ या नांवानें रोमन व्यापाऱ्यांस ठाऊक होतें. ह्युएनत्संग 645 सालीं मायदेशीं परतला आणि उरलेलें आयुष्य त्यानें आणलेल्या ग्रंथांच्या भाषांतरांत घालविलें. ते ग्रंथ प्रायः बौद्ध होते. परंतु 648 सालीं त्यानें एक वैशेषिक दर्शनाचाहि ग्रंथ चिनींत उतरविला : चंद्रमति नांवाच्या आचार्याचें ‘दशपदार्थशास्त्र’. मूळ संस्कृत ग्रंथ पुढें नष्ट झाला. चिनी भाषांतर मात्र टिकलें, आणि 1917 सालीं एका जपानी पंडितानें, हाकुजु उई यानें, त्याचें इंग्रजी भाषांतर लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. आपल्या कणादाच्या परंपरेचा एक धागा आपल्या घरीं तुटला आणि परक्याच्या पेटाऱ्यांत सुरक्षित राहिला.

त्या भाषांतरांत ‘पदार्थ’ या शब्दाचें काय केलें, तें मोठें मननीय आहे. ह्युएनत्संगानें ‘पद’ आणि ‘अर्थ’ हे दोन्ही भाग अचूक ओळखून त्यांना दोन चिनी अक्षरें दिलीं, ज्यांचा अर्थ ‘वचनाचा अर्थ’ असा होतो. ‘द्रव्य’ या शब्दासाठीं त्यानें ‘खरें, भरींव’ अशा अर्थाचें अक्षर घेतलें. म्हणजे पदार्थ आणि द्रव्य हे दोन्ही शब्द चीनला तेराशें वर्षांपूर्वींच पोंचले होते ! परंतु पुढें युरोपीय विज्ञान तिकडे आलें तेव्हां जुने दार्शनिक शब्द बाजूस राहिले आणि बैल-कवडीचा तो दुसरा शब्द रूढ झाला. आपल्याकडे मात्र उलट झालें. आपण नव्या विज्ञानासाठीं जुन्या दर्शनांतील शब्दच उचलले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हरि केशवजी यांनीं इंग्रजीवरून मराठींत शास्त्रीय संवादांचें पुस्तक आणलें, त्याच्या नांवांतच ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्र’ असा शब्द होता. पुढें अनेक पिढ्यांनीं या विषयास पदार्थविज्ञान म्हटलें.

जुनीं भांडीं नव्या स्वयंपाकास घेतलीं कीं जुना वास थोडा राहतोच. ज्यांच्या घरीं अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ पाठ म्हणण्याची रीत होती, त्यांना आठवेल कीं वैशेषिकांची द्रव्यें नऊ. पृथ्वी, जल, तेज, वायु हीं तर आहेतच. परंतु आकाश, काल, दिशा, आत्मा आणि मन हींहि द्रव्येंच. आणि पदार्थ सात. द्रव्य हा त्यांतला एक, आणि अभाव हा सातवा. ‘पदार्थ’ म्हणजे पदाचा अर्थ, ज्याला नांव देतां येतें तें सारें. म्हणून तर्कशास्त्र्याच्या घरीं पदार्थाचा अभाव हाहि एक पदार्थच ! आतां आठवीचें मराठी पुस्तक उघडा. त्यांत ‘द्रव्याचें संघटन’ या पाठांत आत्माहि नाहीं, मनहि नाहीं, कालहि नाहीं. ज्याला वस्तुमान आहे आणि जें जागा व्यापतें, तेवढेंच द्रव्य. शास्त्रीबुवा आणि शास्त्राचे शिक्षक एकाच ओसरीवर बसून ‘द्रव्य’ म्हणतील, पण दोघांच्या मनांतील वस्तु निराळी असेल. दोघेंहि बरोबर असतील. परंतु हा भेद कोणीं उलगडून सांगितला नाहीं, तर ऐकणाऱ्या मुलाचा मात्र गोंधळ होईल.

शब्द एक म्हणजे अर्थ एक, ही समजूत भारतीय भाषांतहि फसवी ठरते. मराठींत मॅटर म्हणजे द्रव्य, आणि ‘पदार्थ’ हा शब्द आपण एखाद्या विशिष्ट वस्तुप्रकारास लावतों. हिंदींत मॅटर म्हणजे बहुधा पदार्थच. मराठींत ‘मास’ला वस्तुमान म्हणतात, हिंदींत तेंच द्रव्यमान, कानडी व तेलुगु भाषांत द्रव्यराशि. एक भाषा ज्यास द्रव्य म्हणते, त्यास दुसरी पदार्थ म्हणते. आणि ‘द्रव्य’ शब्द दिसला कीं मॅटर कीं मास, हें भाषा पाहून ठरवावें लागतें. महाराष्ट्राचें भाषा संचालनालय 1960 सालीं निघालें आणि केंद्र सरकारचा वैज्ञानिक शब्दावली आयोग 1961 सालीं. दोघांनींहि पुष्कळ परिश्रम केले, परंतु प्रत्येक प्रांताची घडी थोडी निराळीच बसली. भाऊजी सांगत होते, त्यांचे कित्येक हुशार विद्यार्थी मराठींत शिकून स्पर्धापरीक्षांसाठीं हिंदी पुस्तकें वाचूं लागले कीं प्रथम याच ठिकाणीं ठेंचाळत. मुलाला विषय येत असे, पण शब्द त्याला दगा देत असे.

तुम्ही म्हणाल, ‘मग इंग्रजीच बरी, सर्वत्र एक शब्द, कटकट नाहीं.’ हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. नातीला पुढें जें शिकावयाचें आहे, तें बहुतेक इंग्रजींतच आहे, आणि तिच्या शाळेस मी दोष देत नाहीं. परंतु त्या संध्याकाळीं पुढें जें घडलें, तें सांगितल्यावर वाचकांनींच निर्णय करावा.

भाऊजींनीं नातीस विचारिलें, “बरें, मॅटर झालें. मास म्हणजे काय ?” तिनें पुन्हा पाठ म्हटला. “म्हणजे वजन का ?” तिला सांगतां येईना. भाऊजी वस्तुमान आणि वजन यांतील फरक समजावूं लागले, चंद्रावरचें उदाहरण देऊं लागले. पोर ‘हो, हो’ म्हणे, परंतु डोळ्यांत कांहीं उजळेना. तेव्हां ताई हात पुशीत बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, “तिला आपल्या जुन्या माळवदाचें सांगा ना.”

ज्यांनीं मराठवाड्यांतील जुनीं घरें पाहिलीं नाहींत त्यांच्यासाठीं सांगतों. दगड मातींत बसवून रुंद भिंती उभारायच्या, त्यांवर लांकडी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. हें माळवद. उन्हाळ्यांत आंत गारवा राहतो. पावसाळ्यापूर्वीं गळती थांबावी म्हणून वर नवी माती टाकीत. जुनी माती काढीतच असें नाहीं. असे थर वर्षानुवर्षें चढत जात.

1993 सालच्या 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांत हजारों माणसें गेलीं. लोहाऱ्याजवळच्या सास्तूर भागांत तर गांवेंच्या गांवें बसलीं. बहुतेक माणसें झोंपेंत, स्वतःच्याच घराच्या भिंतींखालीं आणि माळवदाखालीं गेलीं.

ताई नातीस म्हणाल्या, “बाळे, ती माती वर नुसती पडून होती, तोंवर कोणाला तिचा जाच नव्हता. तुळया तिला पेलून होत्या. आम्ही त्यावर पापड वाळवीत असूं, मुलें झोंपत असत. जमीन आडवी हालली तेव्हां भिंती जमिनीबरोबर सरकल्या, पण ती माती सरकेना. जागचें हलायलाच तयार नाहीं, इतकी ती जड. भिंती एकीकडे, माळवद दुसरीकडे. मग सारें खालीं आलें.”

भाऊजी क्षणभर स्तब्ध झाले. मग हळूच म्हणाले, “बेटा, तें जें हलायला तयार होत नाहीं, त्याचें माप म्हणजे वस्तुमान. जास्त वस्तुमान, तर जास्त हट्ट. पृथ्वी ज्या ओढीनें तिला खालीं खेंचीत होती, तें वजन. तुळयांनीं इतकीं वर्षें वजन पेललें. त्या पहाटे भिंतींना वस्तुमान पेललें नाहीं. म्हणून आतां भूकंपाच्या प्रदेशांत छप्पर हलकें ठेवावें म्हणतात.”

आबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “माद्दा. पसरून बसलेला. मीं शाळेंत पाठ केला होता. त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिला.”

नात वही मांडीवर ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली. मग तिनें स्वतःच्या मनानें मराठींत दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्या खालीं इंग्रजी व्याख्या पुन्हा लिहिली. या खेपेस ती व्याख्या तिला घोकावी लागली नाहीं.

वाचकहो, मला जें म्हणावयाचें आहे तें एवढेंच. ‘द्रव्य’ श्रेष्ठ कीं ‘पदार्थ’, ‘माद्दा’ परका कीं आपला, ‘मॅटर’ घ्यावा कीं टाकावा, या वादांत मला रस नाहीं. टोकिओच्या मुलीस तिचें ‘बुश्शित्सु’ लखलाभ. तें तिच्या आजीच्याहि तोंडीं आहे, हीच त्याची खरी किंमत. आपल्या घरांत चार शब्द असतील तर असोत. ते चार शब्द म्हणजे या घरानें पाहिलेलीं चार राज्यें आणि चार शाळा आहेत. त्यांची लाज वाटण्याचें कारण नाहीं. परंतु ते एकमेकांशीं बोलते असावेत. मुलाचें शास्त्र शाळेंत एका भाषेंत आणि घरचा अनुभव दुसऱ्या भाषेंत असा कायमचा वेगळा राहिला, तर शास्त्र पाठांतर होतें आणि अनुभव नुसती आठवण होऊन बसतो. माळवदाची माती त्या घरांतील प्रत्येकानें पाहिली किंवा ऐकली होती. तिला वस्तुमान आहे, हें त्या दिवसापर्यंत पोरीच्या लक्षांत आलें नव्हतें, कारण ती माती मराठी होती आणि वस्तुमान इंग्रजी.

म्हणून एक छोटीशी विनंति. आपल्या घरीं शाळेंत जाणारें मूल असेल, तर या महिन्यांत एखाद्या संध्याकाळीं त्याच्या शास्त्राच्या पुस्तकांतील पांच शब्द घ्यावे. घरांतील सर्वांत वडील माणसास विचारावें कीं तुम्ही याला काय म्हणत असां. घरांत आलेल्या सुनेला विचारावें कीं तुमच्या माहेरीं याला काय म्हणतात. परगांवीं राहणाऱ्या लेकीला फोन करून विचारावें. ते सारे शब्द मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर एकाखालीं एक लिहावे, आणि प्रत्येकापुढें घरांतीलच एखादी वस्तु उदाहरण म्हणून ठेवावी. खर्च कांहीं नाहीं, वेळहि फारसा लागत नाहीं.

लोहाऱ्याहून निघतांना नातीनें मला तें पान दाखविलें. वर ‘मॅटर’, खालीं द्रव्य, पदार्थ, माद्दा, आणि शेवटीं तिच्या टोकिओच्या चुलतबहिणीनें फोनवर शिकविलेलीं तीं दोन अक्षरें, जराशीं वांकडींतिकडीं. बैलाचें चिन्ह तिला जमलें होतें. कवडी मात्र अजून नीट येत नाहीं, असें ती म्हणाली.